वहिनींचा गळका नळ

पाहणीवाल्याने तो नळ आवळला तेव्हा त्याच्या मनात सत्कर्माशिवाय दुसरं काहीही नव्हतं.

शेताच्या वरच्या कडेला सिमेंटची एक टाकी होती. टाकीला पितळी नळ. नळाच्या तोंडाला चिंधी बांधलेली आणि चिंधीच्या टोकावरून पाणी टपटप गळतंय. आता, गळणारं पाणी बघून काही माणसं पुढे जातात, काही माणसं "अरेरे" म्हणून पुढे जातात. पाहणीवाला तिसऱ्या जातीचा. दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला तरी रिकाम्या खोलीतला पंखा बंद करून यायचा. टूथपेस्टची ट्यूब संपली की कात्रीने उभी चिरायचा आणि आतून ब्रश फिरवायचा. "माझ्याशी लग्नसुद्धा यांनी बहुतेक काहीतरी वाचतंय म्हणूनच केलं," असं त्याची बायको चारचौघांत सांगायची आणि तो ते खोडून काढायचा नाही.

तर त्याने पिशवीतून पकड काढली. ही पकड त्याच्याबरोबर सगळीकडे असायची. गंजून इतकी अडकली होती की उघडताना दाराच्या बिजागरीसारखी कुरकुरायची. चिंधी सोडून बाजूला ठेवली, नळाच्या मानेला पकड लावली, जीभ दातांत धरून दोन आटे दिले. टपटप थांबलं. त्याने हातातल्या टॅबलेटवर नोंद केली: "गळती – एक. जागेवर बंद केली." मग समाधानाने घाम पुसला आणि पुढच्या शेताकडे निघून गेला. घरात कोणीच नव्हतं, त्यामुळे सांगायचं राहिलं. सांगण्यासारखं तरी काय होतं म्हणा! चांगुलपणाचा गवगवा करू नये, एवढं त्याला कळत होतं.

हा माणूस शेतीच्या संशोधन कार्यालयात कामाला होता. काम असं, की चाळीस लहान शेतांवर फिरायचं. कुठे किती बी, किती पाणी, किती खत, किती माणसांचे हात लागले ते लिहायचं. त्यातून माल किती निघाला ते लिहायचं. मग कार्यालयातलं यंत्र या सगळ्याचा भागाकार करून प्रत्येक शेताची कार्यक्षमता काढायचं. एक म्हणजे परिपूर्ण, शून्य म्हणजे आनंदीआनंद. हवा चांगली असताना कोण कसं पिकवतं आणि हवेने डोळे वटारले की कोण कसं पिकवतं, हे तीन हंगाम बघायचं होतं. पहिला हंगाम अगदी गुणी निघाला होता. वेळेवर ऊन, वेळेवर पाऊस. त्या हंगामात चाळीस शेतांमध्ये अडतिसावा नंबर आला होता तो वहिनींचा.

वहिनी म्हणजे सगळ्या रस्त्याच्या वहिनी. पोस्टमनही वहिनी म्हणायचा आणि पोस्टमनचा बापही. त्यांचे यजमान बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून ते घड्याळवाले. माणूस अबोल. डोळ्याला भिंग लावून दिवसभर दुसऱ्यांची वेळ नीट करत बसायचा. शेत बघायच्या त्या वहिनी. पन्नाशीच्या, अंगाने काटक, पदर खोचलेला, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण ओरडा खातोय की आपल्याला जेवायला बोलावलं जातंय हे पटकन कळू नये.

शेत एवढंसं. त्यातही चार तुकडे, आणि चारांची तोंडं चार दिशांना. एक वर टाकीजवळ, खडकाळ. एक मधे उतारावर. एक खाली ओढ्याकाठी, काळ्या चिकट मातीचा. आणि एक दाराशी. पाहणीवाल्याने पहिल्या दिवशी मातीचे प्रकार विचारले तेव्हा वहिनींनी बोट दाखवून ओळख करून दिली होती.

"तो वरचा, तो जावई. कितीही द्या, समाधान नाही. पाणी घातलं की पाच मिनिटांत ‘मला काय दिलं?’ म्हणून पुन्हा तोंड वासून तयार. मधली ती धाकटी नणंद. लाडात ठेवली तर सोनं, जरा दुर्लक्ष केलं की रुसते. खालचा मामा. सगळ्यांच्या नंतर उठतो, हलवलं तरी हलत नाही. पण एकदा बसला की घरच्या सगळ्यांना पुरून उरतो."

"आणि हा दारातला?"

"ती लेक. तिला काही सांगावं लागत नाही."

फॉर्ममध्ये जमिनीसाठी ‘हलकी, मध्यम, भारी’ एवढेच तीन पर्याय होते. पाहणीवाल्याने जावयाला हलका केला, मामाला भारी केला आणि बाकीच्या दोघींना मध्यमवर्गात टाकून दिलं.

नंबर अडतिसावा का आला, तेही त्याला पहिल्याच हंगामात दिसलं होतं. वहिनी कुठलीच गोष्ट एकदम करत नसत. कांद्याचं बी टाकायचं तर एका वाफ्यात टाकून मोकळं व्हावं की नाही? नाही. वरच्या टाकीखाली एक मोठा वाफा. मधल्या तुकड्याच्या कोपऱ्यात दहा दिवसांनी दुसरा, छोटा. आणि मोरीच्या मागे जुनी घमेली, एक फुटकं टब आणि मोडक्या कपाटाचा एक खण, त्यात तिसरं. लागवडही तशीच, तीन खेपांत. वाऱ्याच्या बाजूला मक्याची एक उंच ओळ, जिची कणसं पाखरांनीच खाऊन टाकायची. रस्त्यावरचे लोक वहिनींना ‘थोडंथोडं’ म्हणत.

पलीकडचं शेत त्यांच्या थोरल्या दिरांचं. त्यांना लोक ‘एकदम’ म्हणत. एका दिवसात बी, एका दिवसात लागवड, एका दिवसात काढणी. त्यांचा नंबर चाळिसात चौथा होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या तोंडाने आठ दिवसांत सगळ्यांना पाठ करून दिला होता.

पाहणीवाल्याने तेव्हा फॉर्मवर लिहिलं होतं: "रोपांची अनावश्यक तिबार पेरणी. बी, जागा व श्रम वाया." वाईट वाटून लिहिलं होतं, पण लिहिलं होतं.

आता दुसरा हंगाम होता, आणि नळ आवळला त्या संध्याकाळीच वारा फिरला. कुठून आला देव जाणे, पण कोरडा ठक्क. दोरीवरचे कपडे अर्ध्या तासात पापडासारखे कडक होऊ लागले. लोकांचे ओठ फुटले, दरवाजे वाळून आपोआप उघडायला लागले. तीन दिवस झाले तरी तो वारा हटला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी पाहणीवाला वाऱ्याची नोंद घ्यायला वहिनींकडे पोचला. वहिनी तेवढ्यातच परतल्या होत्या. बाळंत झालेल्या लेकीकडे तीन दिवस गेल्या होत्या, आणि हातातली पिशवी दारात ठेवून तशाच टाकीकडे आल्या होत्या. थोरले दीरही कुंपणावरून आले होते, कारण कोणाचं काही बिघडलं की सल्ला द्यायला ते पायात चपलाही न घालता यायचे.

वरच्या वाफ्यातली रोपं आडवी पडली होती. काल-परवापर्यंत हिरव्या सुयांसारखी उभी असलेली. आता एखाद्याने ओल्या केसांवरून कंगवा फिरवावा तशी सगळी एका बाजूला चिकटलेली, टोकांना पिवळी.

"हा वाफा नळावर होता," वहिनी म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या ते कळलं नाही.

पाहणीवाल्याला आधी अर्थ लागला नाही. मग त्याने खाली बघितलं. नळाखाली एक पन्हाळ होती. पन्हाळीतून जुन्या चादरींच्या पट्ट्या निघून वाफ्याच्या मातीत पुरलेल्या होत्या, प्रत्येक दोन ओळींमध्ये एक, दिव्यातल्या वातीसारखी. नळ टपकायचा, पन्हाळ ओली राहायची, पट्ट्या पाणी ओढायच्या आणि जावयाला रात्रंदिवस घोट घोट पाणी मिळायचं. वरून एकदम ओतलेलं तिथे टिकत नव्हतं. म्हणून नळ गळका ठेवला होता. नेमका तेवढाच गळका, मोजून.

त्याने पिशवी हळूच पाठीमागे सरकवली.

"नळ कोणी आवळला?" थोरल्या दिरांनी विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच निकाल दिला, "दुसरं कोण असणार? आमचा धाकटा! त्याला सैल काही बघवतच नाही. लहानपणी माझ्या सायकलीचे स्क्रू आवळून आवळून चाक फिरेनासं करून ठेवलं होतं."

घड्याळवाले दुकानात जायला निघाले होते, ते टाकीपाशी येऊन थांबले. त्यांनी नळाकडे पाहिलं, वाफ्याकडे पाहिलं, मग कपाळावर सरकवलेलं भिंग उगाच डोळ्यावर ओढलं.

"मीच आवळला असेन," ते म्हणाले. "हाताची सवय."

"बघा!" थोरले दीर म्हणाले.

पाहणीवाल्याने तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण शब्द जिभेवर येईपर्यंत वहिनी म्हणाल्या, "झालं ते झालं. दुकान उघडा तुम्ही, वेळ होतेय." आणि घड्याळवाले गेले. पाहणीवाल्याचं तोंड तसंच उघडं राहिलं आणि मग नाइलाजाने त्यातून जांभई बाहेर आली.

आता काय बिघडलं होतं ते थोरल्या दिरांनीच त्याला समजावून सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या आवाजातली चेष्टा हळूहळू उतरत गेली. कांद्याचं हे बी विकतचं नव्हतं. अकरा वर्षं वहिनींनी दर हंगामाला स्वतःच्या शेतातले चांगले कांदे निवडून, त्यांना फुलं येऊ देऊन, त्यांचं बी धरलं होतं. जावयाकडे टिकेल आणि मामाकडे कुजणार नाही असं बी बाजारात मिळत नाही. त्यातलं बहुतेक या वाफ्यात होतं. आणि खालच्या ओढ्याकाठच्या तुकड्याला नेमका आता वापसा आला होता. म्हणजे माती ना चिखल, ना ढेकूळ. हातात घेतली तर मुठीचा आकार धरणारी आणि बोट लावलं की मोकळी होणारी. मामाची ही अवस्था फार तर सहा-सात दिवस टिकते. नंतर ती माती वीट होते. पुन्हा बी टाकून रोप तयार व्हायला सहा आठवडे. म्हणजे हे रोप गेलं तर कांद्याचा हंगाम गेला, आणि अकरा वर्षांचं बीही बहुतेक त्याच्याबरोबर गेलं.

"हिला मी सांगत होतो," थोरले दीर म्हणाले, "एकदम लावून मोकळी हो. माझं बघ, गेल्या आठवड्यातच लागवड संपली."

"मग तुमच्या शेतात या वाऱ्याने काय झालंय ते बघून या आधी, दादा," वहिनी म्हणाल्या.

दादा बघायला गेले ते दुपारपर्यंत परतले नाहीत.

वहिनी वाफ्याशी उकिडव्या बसल्या. एक रोप उपटलं. मुळाशी नखाने चिरलं, आत पाहिलं. दुसरं उपटलं, तेही पाहिलं. पाहणीवाला त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता. चेहऱ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

"मेलंय का, वहिनी?"

"बेशुद्ध आहे. भाऊजी, तुम्हाला आज काय काम आहे?"

"आज? तीन शेतं बघायचीत…"

"झारी तिथे आहे."

तो इतक्या पटकन झारीकडे धावला की स्वतःच्याच पिशवीच्या पट्ट्यात पाय अडकून आपटला. वहिनींनी कात्रीने रोपांचे वरचे शेंडे छाटले, म्हणजे मुळांवर भार कमी. वर काठ्या रोवून जुनी चादर ताणली. पोती भिजवून वाऱ्याच्या बाजूला उभी केली. नळ पुन्हा सैल केला, चिंधी बांधली, पण आता नुसत्या वातीवर भागणार नव्हतं. दर दोन तासांनी झारीने हलकंसं शिंपायचं, पोती ओली करायची, जास्त ओतायचं नाही. जास्त ओतलं तर मुळं कुजतात, कमी पडलं तर वारा खातो.

"दर दोन तासांनी?" पाहणीवाल्याने विचारलं.

"जमणार नसेल तर सांगा."

"नाही नाही! माझी काही हरकत नाही. मला तसंही… अभ्यास म्हणून… बघायचंच होतं."

"बघा की," वहिनी म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

कार्यालयातून मॅडमचा फोन आला तेव्हा तो पोतं पिळत होता. "तुम्ही कुठे आहात? आज तीन नोंदी यायच्या होत्या." तो म्हणाला, "मॅडम, अडतीस नंबरवर जरा सखोल निरीक्षण चालू आहे." आणि खरोखरच ते इतकं सखोल होतं की त्याचे बूट त्यात रुतले होते.

चार दिवस हे चाललं. सकाळी सातला तो हजर, संध्याकाळी दिवे लागायच्या आत बाहेर. त्याला कोणी ये म्हटलं नव्हतं, पण न येऊन चालणार नाही असं त्याचं त्यालाच वाटत होतं. दर खेपेला झारी भरताना तो मनातल्या मनात वाक्य जुळवायचा: "वहिनी, एक सांगायचं होतं…" आणि दर खेपेला वहिनी असं काहीतरी काम सांगायच्या की वाक्य तिथेच बसायचं. मधेच त्याने पिशवीत पकड शोधली. पोत्याला तार बांधायची होती. पकड सापडेना. घरी बायकोला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "ट्यूब चिरायला तर घेतली नव्हती ना?"

दुपारी झारी आणि झारीच्या मधे वहिनी चहा द्यायच्या आणि मोरीमागच्या घमेल्यांशी बसायच्या. तिथेच दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं.

"वहिनी, हे तीन ठिकाणी बी टाकायचं डोक्यात कुठून आलं? रागावू नका, पण मी फॉर्मवर वाया लिहिलंय."

"लिहा की. बिस्किटांच्या कारखान्यातून आलं."

लग्नाआधी त्या बिस्किटांच्या कारखान्यात पुडे बांधायला होत्या. मोठा पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना चाळीस बायका. सगळी बिस्किटं एका मापाची, सगळी एकाच भट्टीतून. तिथे येणारे साहेब हातातल्या घड्याळात बघून फार खूश व्हायचे. आणि मग एके दिवशी भट्टीच्या झाकणाचा एक बोल्ट तुटला. एवढासा, करंगळीएवढा. चाळीस बायका दिवसभर स्टुलावर बसून एकमेकींच्या उवा बघत होत्या.

"त्या दिवशी ठरवलं," वहिनी म्हणाल्या, "आपल्याकडे कधी एकच बोल्ट ठेवायचा नाही."

"पण वहिनी, तो कारखाना बाकीच्या दिवशी चांगला चालायचा ना?"

"झकास चालायचा! म्हणून तर दादांचा चौथा नंबर येतो. ज्या वर्षी हवा नीट असते त्या वर्षी त्यांचा माल माझ्याआधी बाजारात, आणि माझ्यापेक्षा जास्त. मी कुठे नाही म्हणते? पण हवा काय मला विचारून येते का?" त्यांनी कपाटाच्या खणातली रोपं बोटाने सरळ केली. "हे मोरीचं पाणी. घरात एक तरी माणूस आंघोळ करतंय तोवर हे जगतं. मधला वाफा यांच्या हातचा, दुकानात जाण्याआधी पाणी घालतात. वरचा नळावर. एक विसरला तर दुसरा आहे. तिघं एकदम विसरायचे म्हणजे घराला कुलूपच लागायला हवं."

पाहणीवाल्याने टॅबलेट उघडला. यंत्रात भरायला त्याच्याकडे बी होतं, पाणी होतं, खत होतं, हात होते. पण ‘विसरलं तर’ असा रकाना नव्हता. त्याने मॅडमना फोन लावून विचारलंही. मॅडम म्हणाल्या, "रकाने तिन्ही हंगामांसाठी ठरलेत. काही सुचलं असेल तर शेऱ्यात लिहा." शेऱ्याच्या चौकोनात साठ अक्षरं मावायची.

तिसऱ्या दिवशी थोरले दीर आले. या वेळी चपला घालून आले, हळू चालत. त्यांच्या शेतातली कोवळी लागवड अर्धी वाऱ्याने नेली होती. अर्धी तगली होती, आणि ती जोमात होती, हे त्यांनी आधी सांगितलं. मग टाकीकडे बघितलं, मग आभाळाकडे, मग पाहणीवाल्याच्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे.

"तुझी घमेल्यातली रोपं उरतील का गं?" शेवटी ते म्हणाले.

"वरचं काय होतंय ते कळू दे आधी, दादा."

"हो हो, कळू दे. माझी काही घाई नाही."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना घाई नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी पाहणीवाला आला तेव्हा वारा पडला होता. दोरीवरचे कपडे सरळ खाली लोंबत होते. तो टाकीकडे निघाला. रोज सकाळी तो चादर वर करायचा आणि रोज तीच आडवी, फिकट सुतं दिसायची. रोपं जगली की गेली ते आज ठरणार होतं. वहिनी आधीच येऊन उभ्या होत्या, चादरीच्या टोकाला हात लावून. घड्याळवालेही होते. दुकान उघडायला उशीर झाला तरी ते थांबले होते, आणि घड्याळ दुरुस्त करणाऱ्याने उशीर करावा ही त्या रस्त्याच्या इतिहासात नोंदवण्यासारखी गोष्ट होती.

वहिनींनी चादर काढली.

आधी काहीच दिसलं नाही. मग घड्याळवाल्यांनी भिंग डोळ्याला लावलं, गुडघे टेकले, नाक जवळजवळ मातीला लावलं.

"आहे," ते म्हणाले.

छाटलेल्या शेंड्यांच्या मधोमध, वाळलेल्या पातीच्या पोटातून, हिरवं टोक वर आलं होतं. भाताच्या शितापेक्षा बारीक. शेजारच्यालाही होतं. त्याच्या शेजारच्याला नव्हतं, पण त्याच्या पुढच्या चारांना होतं. मग एकदा डोळ्याला सवय झाल्यावर सगळा वाफाच टोकंटोकं दिसायला लागला. वहिनी बोटांनी मोजत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेल्या.

"तीनातली दोन उठलीत," त्या म्हणाल्या. "मधल्या वाफ्यातली धरली की मामाचं पोट भरतं. घमेल्यातली जावयाला, आणि राहतील ती दादांना."

पाहणीवाल्याचा जीव भांड्यात पडला. इतका मोठ्याने पडला, की तो तिथेच टाकीच्या कट्ट्यावर बसला आणि हसू लागला, आणि हसता हसता त्याला डोळे पुसावे लागले. घड्याळवाले त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चला, मला उशीर झाला," आणि गेले. त्यांच्या चालण्यात शीळ होती. माणूस अबोल, पण शीळ चांगली घालायचा.

दोन दिवस आणखी रोपांना दम दिला आणि मग ती उपटून खाली ओढ्याकाठी लावायला घेतली. मामा अजून वापशावर होता, जेमतेम. पाहणीवाल्याने आता बूट काढून ठेवले होते. वहिनी काठीने रेघ ओढायच्या, तो रोप ठेवून अंगठ्याने माती दाबायचा. पहिल्या ओळीत त्याची रोपं अशी उभी राहिली की थोरले दीर कुंपणावरून म्हणाले, "अरे, ही काय कांद्याची ओळ आहे की सुट्टीला निघालेली शाळा?" तिसऱ्या ओळीपर्यंत ती बरी दिसू लागली. पाचव्या ओळीला वहिनींनी मागे वळून बघायचं सोडून दिलं, आणि हे त्याला आयुष्यातल्या कुठल्याही प्रशस्तिपत्रापेक्षा मोठं वाटलं.

विश्रांतीला बांधावर बसला तेव्हा त्याने टॅबलेट काढला. या हंगामाचं काय लिहायचं? बी तिप्पट, श्रम तिप्पट. आता त्यात संशोधन कार्यालयातल्या एका माणसाचे सहा दिवसही आले. भागाकार आणखीच खाली जाणार हे त्याला यंत्राशिवाय कळत होतं. पण खाली बघितलं तर काळ्या मातीत ओळीच्या ओळी उभ्या होत्या. त्याने जुन्या नोंदीतलं ‘अनावश्यक’ खोडलं. मग ‘वाया’ खोडलं. मग ‘गळती – एक. जागेवर बंद केली’ या ओळीवर बोट येऊन थांबलं. ती खोडता येत नव्हती. शेरे बदलता यायचे, पण मोजणीच्या त्या नोंदीला कुलूप लागलं होतं, तारीख आणि वेळेसकट.

शेऱ्यात त्याने लिहिलं: "वाऱ्यात सगळी रोपं गेली नाहीत. कारण तीन जागा होत्या." अक्षरं मोजली. मावली.

दोन ओळी राहिल्या होत्या. ऊन कलतं झालं होतं, ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं, थोरले दीर घमेलं भरून रोपं घेऊन गेले होते, आणि जाताना, आपण तर कधी कोणाला ‘थोडंथोडं’ म्हणालोच नाही अशा चेहऱ्याने, "थोडी थोडी लावतो आता," असं पुटपुटले होते. सगळं ठीक झालं होतं. आणि सगळं ठीक झाल्यामुळेच आता पाहणीवाल्याला राहवेना. रोपं मेली असती तर कदाचित तो कधीच बोलू शकला नसता. जगली होती, म्हणून त्याला धीर आला. शिवाय घड्याळवाल्यांनी फुकटचा आळ अंगावर घेतला होता, आणि तो बिचारा माणूस रोज सकाळी याला हसून "या" म्हणत होता.

तो उभा राहिला. हातातली माती झटकली. जुळवून जुळवून गुळगुळीत झालेलं वाक्य एका दमात बाहेर टाकलं.

"वहिनी, घड्याळवाल्यांचा काही दोष नाही. तो नळ मी आवळला होता. पाणी वाया जातंय असं वाटलं मला. तुमचा कांदा, तुमचं अकरा वर्षांचं बी, सगळं माझ्यामुळे जाणार होतं, आणि मी इतके दिवस बोललो नाही. तुम्ही मला काय हवं ते बोला."

वहिनींनी मान वर केली नाही. पुढचं रोप घेतलं, ठेवलं, अंगठ्याने दाबलं.

"माहीत होतं, नळाखालीच पडलेल्या तुमच्या पकडीला यांनी तेल घालून ठेवलंय, जाताना घेऊन जा."